त्रिरश्मी लेण्यांवर वंदनेला जाताना : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांवर, दोन प्रकारच्या चुका रोज दिसतात. काही मंडळी भर दुपारी चढतात, समोर येतील त्या दोन लेण्यांत फोटो काढतात आणि दमून खाली येतात. चैत्य (स्तूप असलेलं वंदनेचं लेणं) पाहायचा राहूनच जातो. दुसरी मंडळी मनापासून वंदनेला येतात, पण मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि हारांची पिशवी वर घेऊन जातात आणि दारातच पहारेकऱ्याशी वाद होतो. दोघांचाही क्रम चुकलेला असतो. पूजा पायथ्याच्या विहारात करायची, वंदना वर चैत्यात करायची आणि लेणी त्यानंतर पाहायची. एवढा क्रम पाळला तर अर्ध्या दिवसात सगळं निवांत होतं.

१. दिवस आणि वेळ

लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली आहेत. त्यामुळे आत सावली आणि गारवा असतो, पण पायऱ्यांवर ऊन लागतंच. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी नऊच्या आत वर पोहोचायचं धरा. हिवाळ्यात दहापर्यंत निघालात तरी चालेल. पावसाळ्यात हिरवाईमुळे गर्दी होते, पण तेव्हाच पायऱ्या शेवाळतात. पाऊस चालू असेल तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना घेऊन चढू नये.

बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल आणि विजयादशमी या दिवशी मोठी गर्दी असते. समूहात सामील व्हायचं असेल तर हेच दिवस निवडा. शांतपणे वंदना करायची असेल, शिलालेख पाहायचे असतील, तर कामाचा वार निवडा. एकाच दिवशी दोन्ही साधायला गेलात तर एकही नीट होत नाही.

वेळ अशी धरा : विहारात अर्धा ते पाऊण तास, चढायला २० ते ३० मिनिटं, वंदनेला अर्धा तास, लेण्यांना दीड ते दोन तास, उतरायला २० मिनिटं. म्हणजे चार तास. यात घाई केली तर लेणी पाहण्याचा वेळच कापला जातो.

२. पिशवीत काय घ्यायचं, काय नाही

माणशी एक लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात दीड. वर दुकान नाही असं समजूनच निघा. सपाट, पकड असलेले बूट घाला. घसरणाऱ्या सपाता आणि टाचेच्या चपला नकोत. एक कापडी पिशवी चपला ठेवायला हवी. चैत्याच्या दारात वीस जोड्यांचा ढीग पडला की आत-बाहेर करणारा प्रत्येक जण अडखळतो. बसायला पातळ सतरंजी किंवा पंचा घ्या, कारण आत उघडा दगड आहे. हातात मावणारी टॉर्चही घ्या. मोबाइलचा प्रकाश पसरट पडतो, शिलालेखासाठी तो अपुरा आहे.

पांढरे कपडे घालायची उपासकांची रीत आहे. सक्ती कुठलीच नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. कपडे सैलसर असतील तर पंचांग प्रणाम करताना अडचण होत नाही.

फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती आणायची असेल तर ती खालच्या विहारापुरतीच आणा. अत्तर मात्र घरूनही लावून येऊ नका. त्याचं कारण दहाव्या टप्प्यात आहे.

तपासा : निघण्याआधी पिशवीत काडेपेटी, खडू, मार्कर पेन राहिलेलं नाही ना? मुलांच्या दप्तरात या वस्तू हमखास निघतात.

३. पोहोचणं आणि तिकीट

डोंगर शहराच्या मध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध विहार शेजारी शेजारी आहेत. शहरातून येणाऱ्यांनी पाथर्डी फाट्याची खूण धरावी. रिक्षावाल्याला ‘फाळके स्मारक’ सांगितलं की पुरे. मुंबईहून गाडीने येताना डोंगर उजव्या हाताला दिसतो, पण वळायला जागा लगेच मिळत नाही. महामार्गावर गाडी उभी करून रस्ता ओलांडायचा प्रयत्न अजिबात करू नका. पुढे जाऊन सर्व्हिस रोडने परत या.

लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिकीट लागतं. भारतीयांना ते २५ रुपयांचं आहे, ऑनलाइन काढलं तर ५ रुपये कमी पडतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन तिकीट घरूनच काढून त्याचं चित्र मोबाइलमध्ये साठवून ठेवा. साध्या कॅमेऱ्याला अडचण नसते. तिपाई लावायची किंवा ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी काढावी लागते, ती दारात मिळत नाही.

४. पायथ्याचं विहार : पूजा इथेच उरका

विहाराच्या मोठ्या घुमटाखाली बुद्धमूर्ती आहे. फुलं वाहणं, मेणबत्ती लावणं, अगरबत्ती लावणं हे सगळं इथे, नेमून दिलेल्या जागी करा. वरच्या लेण्यांत हे का करायचं नाही ते मुलांनाही सांगा. मेणबत्तीची काजळी खडबडीत दगडात मुरते आणि ती पुसताना अक्षरांच्या कडा झिजतात. तेल आणि मेण यांवर धूळ चिकटून काळा थर बसतो. फुलं कुजली की मुंग्या आणि किडे येतात. दोन हजार वर्षं टिकलेला दगड आपल्या एका मेणबत्तीने पडणार नाही हे खरं, पण तिथे रोज मेणबत्ती लावणारे आपण एकटे नसतो.

विहाराच्या आवारात श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी २०२३ च्या ऑक्टोबरात लावली आहे. प्रदक्षिणा घाला, हात जोडा, पण पान तोडू नका. खाली पडलेलं पान उचलायलाही आधी विचारा.

भन्तेजी, म्हणजे भिक्खू, विहारात असतील तर हात जोडून ‘वन्दामि भन्ते’ म्हणावं आणि थोडं अंतर राखावं. स्त्रियांनी वस्तू थेट त्यांच्या हातात न देता समोर किंवा ताटात ठेवण्याची पद्धत आहे. भोजनदान द्यायचं असेल तर ते दुपारी बाराच्या आत व्हायला हवं, कारण माध्यान्हीनंतर भिक्खू जेवत नाहीत. दीड वाजता डबे घेऊन येणारी कुटुंबं असतात. त्यांचा भाव चांगला असतो, पण वेळ टळलेली असते. आदल्या दिवशी कळवून ठेवा, म्हणजे किती जणांचं करायचं तेही कळतं.

५. चढण

सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. निरोगी माणसाला जड नाहीत, पण पहिल्या पन्नास धावत चढणारा शंभराव्या पायरीवर बसतो. एका लयीत चढा, दर चाळीस-पन्नास पायऱ्यांवर थांबा, दोन घोट पाणी प्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. तिचा खरा उपयोग उतरताना होतो.

पायऱ्या सोडून पायवाटांनी वर जाऊ नका. २०२१ मध्ये याच डोंगरावर आणखी तीन लेणी नजरेस आल्याची बातमी आल्यापासून काही जण ती शोधायला कड्याकडे चढतात. तिकडे सुटे दगड आहेत आणि खाली माणसं असतात.

सावध : छातीत दडपण, घाम किंवा चक्कर वाटली तर ‘वर जाऊन बसू’ म्हणू नका. तिथेच सावलीत बसा आणि सोबतच्याला सांगा. १०८ ची रुग्णवाहिका पायथ्यापर्यंत येऊ शकते, पायऱ्यांवर नाही.

६. वर आल्यावर आधी १८ क्रमांक गाठा

एकूण २४ लेणी आहेत. क्रमांकाच्या पाट्या पाहा आणि वाटेतल्या लेण्यांत न शिरता थेट १८ व्या लेण्याकडे चला. बाकीचे जवळजवळ सगळे विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा आहेत. चैत्य हा एकच आहे. वंदना चैत्यात आणि तीही आधी व्हावी, कारण सकाळी तिथे शांतता असते. अकरानंतर सहली येऊ लागल्या की त्या छोट्या दालनात आवाज घुमतो.

दारात चपला काढून पिशवीत घाला. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. प्रकाश दारातून आणि त्यावरच्या मोठ्या गवाक्षातून येतो. समोर दगडी स्तूप दिसेल, दोन्ही अंगांना खांबांची रांग.

मधली जागा साधारण १० फूट रुंद आणि दारापासून स्तूपापर्यंत २५ फूट लांब आहे. इथे पंधरा माणसं नीट बसू शकतात. चाळीस जणांचा गट असेल तर तीन तुकड्या करा, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. सगळे एकदम शिरले की मागचे खांबांना टेकतात, आणि खांबांवरही लेख आहेत.

प्रदक्षिणा खांब आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून. डावीकडून आत शिरायचं आणि स्तूप कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. बोळ अरुंद आहे, एकामागे एक चला, भिंतीला हात लावत जाऊ नका. तीन प्रदक्षिणा पुरतात. उलट्या दिशेने येणारी एक जरी व्यक्ती असली की सगळी रांग अडते, म्हणून गटातल्या सर्वांना दिशा बाहेरच सांगून ठेवा.

७. वंदना : क्रम आणि उच्चार

१. स्तूपासमोर हात जोडून उभे राहा, मग तीन वेळा पंचांग प्रणाम. दोन गुडघे, दोन हात कोपरापर्यंत आणि कपाळ जमिनीला टेकायचं. गुडघे दुखत असतील तर उभ्यानेच वाका. त्यात काही कमी होत नाही.

२. ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीन वेळा.

३. त्रिशरण. ‘बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि.’ मग हेच ‘दुतियम्पि’ (दुसऱ्यांदा) लावून आणि पुन्हा ‘ततियम्पि’ (तिसऱ्यांदा) लावून. मराठी सवयीने तोंडात ‘शरणं’ येतं. पाली उच्चार ‘सरणं’ असा आहे, तसाच ‘सिक्खापदं’.

४. पंचशील. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ पासून पाचही ओळी. प्रत्येक ओळीनंतर श्वासभर थांबा. दगडी छताखाली आवाज रेंगाळतो, घाईने म्हटलेली पुढची ओळ मागचीवर चढते आणि मागच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही.

५. पाच-दहा मिनिटं मौन. बसण्याच्या पद्धतीत पाय स्तूपाकडे पसरू नयेत. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी पाय एका बाजूला घ्यावेत.

६. शेवटी तीन वेळा ‘साधु’. टाळ्या नकोत.

सोबत भन्तेजी असतील तर त्रिशरणाआधी याचना (त्यांच्याकडे शील मागण्याची विनंती) येते. एकट्याने म्हणायचं असेल तर ‘अहं भन्ते तिसरणेन सह पञ्चसीलं धम्मं याचामि, अनुग्गहं कत्वा सीलं देथ मे भन्ते’. गटाने म्हणायचं असेल तर ‘मयं भन्ते… याचाम… देथ नो भन्ते’. गटात अर्धे जण ‘अहं’ म्हणतात आणि अर्धे ‘याचाम’, त्यामुळे ओळ फुटते. कोणता पाठ म्हणायचा ते आधी ठरवा. भन्ते ‘यमहं वदामि तं वदेथ’ म्हणाले की ‘आम भन्ते’ म्हणून मग त्यांच्या मागून म्हणायचं. भिक्खू हजर नसताना याचना म्हणण्याला अर्थ नाही, मागणार कोणाकडे? थेट ‘नमो तस्स’ने सुरुवात करा. ही चूक पाठांतर पक्कं असलेल्यांकडूनही होते.

ध्वनिक्षेपक, ढोलकी, मोबाइलवर लावलेली गाणी आत आणू नका. कंठाने म्हटलेलं तिथे पुरेसं भरून राहतं.

तपासा : उठताना सतरंजी, पाण्याची बाटली, पेटवलेलं किंवा वाहिलेलं काही स्तूपापाशी राहिलं नाही ना?

८. लेणी कोणत्या क्रमाने पाहायची

१ पासून २४ पर्यंत क्रमाने जाणारा आठव्या-नवव्या लेण्याशी कंटाळतो, कारण त्यांतली बरीच लहान किंवा अपुरी आहेत. त्याऐवजी हा क्रम धरा.

१९, कृष्ण विहार. चैत्याला लागून, थोडं खालच्या पातळीवर आहे, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. सातवाहन राजा कृष्ण (कन्ह) याच्या काळात नाशिकच्या महामात्राने (मोठ्या अधिकाऱ्याने) कोरवल्याचा लेख इथे आहे. या डोंगरावरचं हे सर्वांत जुनं लेणं, इसवी सनापूर्वीचं. दालन लहान आहे, पाचेक जणांनी जावं. दगडात कोरलेल्या जाळीच्या खिडक्या पाहा, पण त्यांना धरून उभं राहू नका.

२०, श्रीयज्ञ विहार. आतल्या गाभाऱ्यात सुमारे १० फुटी बुद्धमूर्ती आहे. वंदना करायची असेल तर शांतपणे करा. मूर्तीच्या पावलांना हात लावून तो कपाळी नेण्याची सवय आवरा. घामातलं तेल दगडावर बसतं आणि तो भाग काळा, गुळगुळीत होत जातो. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नये. फोटो हवाच असेल तर बाजूला उभे राहून काढा.

१७. अपुरं राहिलेलं लेणं. उत्तरेकडून आलेल्या यवन (ग्रीक) इंद्राग्निदत्ताने दिलेलं दान. पाच मिनिटं पुरेत.

१०, नहपान विहार. इथे मात्र वेळ काढा. ओसरीच्या भिंतीवर क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक हिशेब समजून घेऊनच पुढे जा. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमच्या ठेवीसाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४०, म्हणजे वर्षावासात (पावसाळ्यातल्या मुक्कामात) राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मुलांना हे भिंतीसमोरच तोंडी करायला लावा. मुद्दलाला हात न लावता व्याजावर दान चालू ठेवण्याची ही रीत त्यांना लगेच कळते.

याच लेण्यात मागच्या भिंतीवर कोरलेल्या स्तूपाचं नंतरच्या काळात भैरवाच्या आकृतीत रूपांतर झालं आहे, आणि ११ व्या लेण्यात जैन मूर्ती आहेत. तिथे वाद घालणं, काही पुसायचा प्रयत्न करणं किंवा शेंदूर-कुंकू लावणं, हे तिन्ही सारखेच अपराध. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

३, गौतमीपुत्र विहार. पायऱ्या चढून एकदम आत जाऊ नका. ओसरीच्या बाहेर थांबून खाली पाहा. सगळा पुढचा भाग सहा यक्षांनी खांद्यावर पेलला आहे. घाईत येणारे यांच्याकडे न पाहताच वर जातात. आतलं दार तोरणासारखं कोरलेलं आहे. ओसरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीने आपला नातू, सातवाहन राजा पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी कोरवलेला मोठा लेख आहे, तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं केलेलं वर्णन त्यात आहे.

वेळ उरला तर २ आणि २३ इथल्या बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती पाहा. १ क्रमांकाचं लेणं अर्धवट आहे. लेणं कसं कोरत नेतात हे मुलांना दाखवायला ते उपयोगी पडतं, एरवी सोडलं तरी चालेल.

९. शिलालेख पाहण्याची पद्धत

समोरून टॉर्च मारली तर अक्षरं दिसेनाशी होतात, कारण खोदलेल्या रेघेतही प्रकाश भरतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकेल इतकी बाजूला धरा आणि प्रकाश तिरका सोडा. रेघेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि अक्षर उठून दिसतं. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, टॉर्च टेकवू नका.

सुरुवात चैत्याच्या दारावरच्या कमानीतल्या लेखापासून करा. तो छोटा आहे : नासिककरांच्या धंभिक गावाचं दान. ब्राह्मी या जुन्या लिपीतली अक्षरं ओळखता येत नसली तरी पहिला शब्द हळूहळू लागतो. ‘न’ म्हणजे आडव्या पायावर उभी रेघ, उलट्या टी सारखी. ‘क’ म्हणजे अधिकच्या खुणेसारखा. हे दोन सापडले की नासिकचं नाव सापडतं. वंदनेनंतर बाहेर पडताना पाच मिनिटं त्यासाठी ठेवा.

अक्षरं स्पष्ट व्हावीत म्हणून खडूची पूड चोळणं, पाणी शिंपडणं, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणं यातलं काहीही करू नका. बोटाने गिरवणंही नको. फोटो तिरक्या प्रकाशात काढा आणि घरी मोठा करून वाचा.

१०. मधमाश्या, टाकी, पाऊस

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबू नका, ओरडू नका. धूर, उग्र अत्तर आणि ड्रोनचा आवाज यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका. ओढणी किंवा शर्टाने तोंड आणि मान झाका आणि तिथून दूर व्हा, पण पायऱ्यांवर धावू नका. माशी चावण्यापेक्षा पडून जास्त इजा होते. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा अंगभर गांध्या उठल्या तर घरगुती उपाय करत न बसता दवाखान्यात न्या.

लेण्यांबाहेर पाण्याची कोरीव टाकी आहेत. त्यांतलं पाणी पिऊ नका, त्यात हातपाय धुऊ नका, नाणी टाकू नका. कठड्यावर मुलांना बसवू नका, खोली वरून कळत नाही.

पावसात लेण्यांच्या तोंडाशी पाण्याची धार पडते आणि तिथला दगड सर्वांत निसरडा असतो. धार ओलांडताना पाऊल सपाट टाका. भिजल्या पायाने आत जाण्याआधी पंचाने तळवे पुसा, नाहीतर आतली फरशीही घसरडी होते.

११. उतरण्याआधी

डबा लेण्यात उघडू नका. सांडलेल्या अन्नाने उंदीर आणि मुंग्या येतात. जेवण पायथ्याशी. रिकाम्या बाटल्या, फरसाणाच्या पिशव्या, मुलांच्या चॉकलेटचे कागद एका पिशवीत गोळा करून खाली न्या. वरच्या कचरापेटीत टाकलेलंही शेवटी कुणाला तरी दोनशे पायऱ्या वाहावं लागतं.

गट मोजा. चैत्यात मागे राहिलेली एखादी आजी किंवा चप्पल शोधणारा मुलगा जवळजवळ प्रत्येक सहलीत असतो. उतरताना पाऊल तिरकं टाका, काठी खालच्या पायरीवर आधी टेकवा, गुडघा पूर्ण ताठ करू नका.

कुणी नाव कोरताना, रंग लावताना दिसलं तर स्वतः हमरीतुमरीवर येऊ नका. लेण्याचा क्रमांक लक्षात ठेवा आणि वरच्या पहारेकऱ्याला किंवा खाली तिकीट खिडकीवर लगेच सांगा. क्रमांक सांगितला तर माणूस थेट तिथे पोहोचतो, ‘तिकडे कुणीतरी काहीतरी करतंय’ एवढंच सांगितलं तर शोधण्यात वेळ जातो.